रोथेनबुर्ग एका दिवसात होतं का? तटबंदी बघायचीये

नमस्कार मंडळी, मी जर्मनीत एरलांगेनला मास्टर्स करतेय, दुसरं सेमिस्टर चालूये. येत्या शनिवारी रोथेनबुर्ग या जुन्या तटबंदीच्या गावाला जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हणतेय, डॉइचलांड टिकीट (लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) आहेच. पण रूममेट म्हणते तिथे नुसती दुकानं आणि गर्दी, दोन तासांत आटपतं. मी लहानपणापासून बाबांबरोबर गड फिरलेली, मला तटावरून चालायचंय, फोटोपुरतं नाही जायचं. कोणी गेलंय का? आणि मी अंडं खात नाही, खायचं काय करू?

उत्तर १
दोन तास म्हणणारे चौकातूनच परत फिरतात गं. स्टेशनवरून दहा मिनिटांत रोडरटोर हा दरवाजा येतो, तिथेच जिना चढ. साधारण अडीच किलोमीटर तटावरून चालता येतं, तिकीट नाही, डोक्यावर लाकडी छप्पर, एका हाताला जंग्या (मारा करायची भोकं) आणि दुसऱ्या हाताला लोकांची लाल कौलं नि परसबागा. भिंतीतल्या दगडांवर नावं कोरलेली दिसतील, ती थांबून वाच. ३१ मार्च १९४५ ला बाँब पडले त्यात पूर्वेकडचा तट खूप कोसळला, मग जगभरातून लोकांनी पैसे पाठवले आणि तो परत उभा राहिला, ती नावं त्यांची, कितीतरी जपानी. मला तिथे आपल्या गडांचे ढासळलेले बुरूज आठवले आणि खरंच गलबलून आलं.

उत्तर २
न्युर्नबर्ग, आन्सबाख, श्टाइनाख अशी गाडी बदलत जायचं. श्टाइनाखहून छोटी गाडी असते, परतीची वेळ आधीच बघून ठेव, माझी चुकली होती आणि थंडीत प्लॅटफॉर्मवर तासभर कुडकुडले. सेंट याकोब चर्चमध्ये वर गॅलरीत जायला विसरू नकोस, रीमेनश्नायडर या शिल्पकाराने १५०० च्या सुमारास केलेली लाकडी वेदी तिथे आहे. येशूचं शेवटचं जेवण कोरलंय आणि मधोमध चक्क ज्युडास, येशूला दगा देणारा शिष्य, उभा, रंग जवळपास नाहीच, सगळं लाकूडच बोलतं.
खाण्याचं म्हणशील तर श्नेबाल या तळलेल्या गोड गोळ्यात अंडं असतं, श्पेत्सल या नूडल्समध्येही. सरळ डबा ने आणि बुर्गगार्टन या बागेत बसून खा, खाली टाउबर नदीचं खोरं दिसतं.

उत्तर ३
तटबंदीचंच वेड असेल तर पुढच्या वेळी नोर्डलिंगेन हे दुसरं तटबंदीचं गाव कर. तिथे तटावरून अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालता येते, कुठेही न तुटता, २.७ किमी. गाव वसलंय ते दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या खड्ड्यात! चर्चचा ९० मीटरचा मनोरा त्याच आघातात तयार झालेल्या दगडाचा आहे आणि रात्री दहानंतर वरून पहारेकरी अजून हाक देतो. माझ्या मते रोथेनबुर्गपेक्षा हेच सरस.

मूळ प्रश्नकर्ती
खूप थँक्यू सगळ्यांना! शनिवारी रोथेनबुर्गच, सकाळी लवकर निघते म्हणजे गर्दीआधी तट चालून होईल, आणि थालीपीठं बांधून नेते. नावांचे दगड बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवणारे. नोर्डलिंगेनला मुक्काम केला तरच हाक ऐकू येणार ना, की शेवटची गाडी त्यानंतर असते?