शेवट पाठ असूनही 'दृश्यम' परत परत का बघतो आपण?

फोडणीची_पोळी:
शनिवारी टीव्हीवर परत लागला, हिंदीतला, अजय देवगणवाला. सहाव्यांदा तरी बघितला असेल. (खाली स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.) खून कुणी केला, का केला, प्रेत कुठंय, सगळं तोंडपाठ, आणि तरी तो पोलीस गायतोंडे हिरोच्या धाकट्या पोरीवर हात उगारतो तेव्हा आमची आई मटार सोलायची थांबते, शेंग अर्धी उघडून तशीच हातात. "आता बोलतेय बघ ही" म्हणते, दर वेळी! बाकी मर्डर मिस्ट्री मी दुसऱ्यांदा दहा मिनिटं पण बघू शकत नाही. मग यात काय आहे असं?

निशाचर:
यात 'खून कुणी केला' हे कोडंच नाहीये ना, तो तर आपल्या डोळ्यांदेखत होतो. सस्पेन्सवाला दिग्दर्शक हिचकॉक सांगायचा ते आठवा, टेबलाखाली बॉम्ब आहे हे माहीतच नसेल तर तो फुटल्यावर प्रेक्षक १५ सेकंद दचकतो, पण आधीच दाखवून ठेवला आणि माणसं वर निवांत गप्पा मारतायत तर १५ मिनिटं जीव टांगणीला. इथे बॉम्ब म्हणजे हिरोच्या त्या दोन पोरी, कधी खरं बोलून जातील नेम नाही.

कोकणकडा:
+१, पण मला तारखेचा डाव जास्त भारी वाटतो. पणजीचा सत्संग, सिनेमा, हॉटेल, पावभाजी, हे सगळं खरंच झालेलं, फक्त सांगतात त्या तारखेला नाही, नंतर. मग विजय साळगावकर (देवगण) पुन्हा चक्कर मारून एकेकाच्या डोक्यात बोलता बोलता २ ऑक्टोबर, म्हणजे खुनाचीच तारीख, घुसवतो. म्हणजे कंडक्टर, हॉटेलवाला, कुणीच खोटं बोलत नाहीये, खोटी फक्त तारीख. आणि आपण? दर २ ऑक्टोबरला सत्संगाचे मीम फॉरवर्ड करतो, त्याची खोटी तारीख आपणच पाठ केलीये :D

रोखठोक:
मला एवढा नाही झेपत. आता चौकाचौकात सीसीटीव्ही आहेत, असला बनाव आठवडाभर टिकायचा नाही. आणि मूळ मल्याळम बघा आधी, जितू जोसेफचा, २०१३ चा. मोहनलाल इतका घरगुती माणूस वाटतो की हा एवढं सगळं रचेल अशी शंका पण येत नाही, देवगण पहिल्यापासूनच डोळे रोखून बसलेला.

निशाचर:
मोहनलालबद्दल सहमत. पण तब्बू बघा ना, मेलेल्या पोराची आई आणि वर पोलिसातली आयजी, आयजी म्हणून राग येतो आणि आई म्हणून वाईट वाटतं, दोन्ही एकाच सीनमध्ये. हिंदीचा दिग्दर्शक निशिकांत कामत, त्याला हे बरोबर जमायचं, 'डोंबिवली फास्ट'मध्ये पण आपण नक्की कुणाच्या बाजूने हेच कळत नाही.

शांघायकर:
२०१९ ला चिनी रीमेक आला त्यात बाप शेवटी पोलिसांना शरण जातो. बघून असा वैतागलो! अख्खा सिनेमाभर त्याच्या पापात आपल्याला भागीदार करून घ्यायचं आणि शेवटी हात झटकायचे? नव्या पोलीस ठाण्याच्या फरशीखाली प्रेत, हे आपल्याला आणि त्यालाच माहीत, यातच तर मजा आहे.

फोडणीची_पोळी:
हे सगळं आईला वाचून दाखवलं. म्हणे, "तो सुटतो हे मला माहितीये रे, त्या पोरीला कुठे माहितीये?" बाकी शांघायकर, चिनीवाला सबटायटलसकट कुठे मिळेल? शिव्या घालायला का होईना, बघायचाय.