सन्मानभिंतीवर फक्त पदकवाले? मग पोट्टे घडवणाऱ्यांचं काय?

दिग्रसकर:
काल एका गटावर ‘निकष महत्त्वाचा’ या नावाने लिहिणाऱ्या भाऊंची पोस्ट वाचली. म्हणणं असं, की विदर्भातल्या विद्यापीठांनी आपापल्या क्रीडा इतिहासातल्या मानकऱ्यांची सन्मानभिंत उभारावी, पण तिच्यावर आंतरराष्ट्रीय पदकवालेच असावेत. प्रशिक्षक नकोत, “कारण ते पगार घेतात”. या शेवटच्या वाक्याने डोकं तापलं.

खेड्यातल्या कॉलेजात कोणी खेळाडू म्हणून प्रवेश घेत नाही. पोट्टे एस.टी.च्या पासवर येतात, संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यातला कबड्डीत कोण चढाईचा आणि कोण पकडीचा, हे ओळखणारा एकच माणूस तिथे असतो. आमचे सर उजाडायच्या आत मैदान आखायचे. फक्की संपली की राखेने. त्यांच्याकडे गाठी मारलेली सुतळी होती. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषेची गाठ, तिथून मीटरभरावर बोनसची. जरा तिरपी रेघ पडली की पुसून पुन्हा आखायचे. स्पर्धा नेमक्या कापूस वेचणीत यायच्या आणि बाप पोराला सोडायचा नाही. सर धुऱ्यावर जायचे, बापाशी बोलत बोलत कमरेला फडकं बांधून वेचायला लागायचे, आणि ओळ संपेपर्यंत बाप कबूल झालेला असायचा. हे कोणत्या पगारात बसतं?

देशानेही हेच केलं. खेळाडूंसाठीचा अर्जुन पुरस्कार 1961 पासून, प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य थेट 1985 पासून. मधली चोवीस वर्षं घडवणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. आता विद्यापीठांनी नव्याने यादी करायची तर तीही तशीच करायची का?

निकष महत्त्वाचा:
पोस्ट माझी आहे, म्हणून उत्तर देतो. तुमचे सर चांगले होते, मान्य. पण चांगली माणसं प्रत्येक कॉलेजात असतात, सगळ्यांच्या पाट्या लावणार का? नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनमध्ये तिरंदाजीचा विश्वविजेता झाला, त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई खेळांत तीन सुवर्णपदकं. बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने शांघायला नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला एका गुणाने हरवून तिरंदाजीच्याच विश्वचषक स्पर्धेचं सुवर्ण आणलं. अशा नावांशेजारी ‘आंतरमहाविद्यालयीन उपविजेत्या संघाचे मार्गदर्शक’ असं लिहिलं की भिंतीची किंमत संपली. आणि आपल्याकडे शाल-श्रीफळाच्या रांगेत पहिला कोण उभा राहतो? संस्थाचालकाचा भाचा. दार किलकिलं ठेवलं की तोच आत शिरणार.

मोर्शीचा भाऊ:
तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटलं. ओजस नागपूरचा, पण घडला साताऱ्याला, प्रवीण सावंतांच्या हाताखाली. पोरगं घरदार सोडून इतक्या लांब गेलं ते कोचसाठीच ना? भाच्याची भीती वाटते तर भाच्याला अडवा. सरांना कशाला बाहेर ठेवता?

सात नंबर:
भिंतीचं मंग पाहू. पयले आमचा कलर कोट द्या, विद्यापीठाकून खेळणाऱ्याले भेटते तो! विद्यापीठाकून खेळलो, झोनले म्हंजे विभागीय स्पर्धेले गेलो. यंदा भेटन, पुढच्या साली भेटन म्हणत डिग्री झाली, लगन झालं, पोरगं शाळेत जाऊन राह्यलं, कोट काही आला नाही. विद्यापीठ कोणतं ते लिहित नाही, घरचे पोट्टे अजून तिथंच शिकून राह्यले.

आर्वीची खो-खोपटू:
मला मिळाला होता. मुलांच्या मापाचा. बाह्या बोटांच्याही खाली, खिशावरचा बिल्ला एका बाजूने उसवलेला. आईने बिल्ला शिवला, बाह्या आतून टाचल्या. पण त्या कोटाचं मोल सांगते. माझ्या चुलतबहिणीला मैदानावर पाठवायला काका तयार नव्हते. त्यांनी तो कोट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि “हिलाही असाच भेटन का?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला आली.

निकष महत्त्वाचा:
कोटाचा विषय वेगळा आहे. धागा भरकटतोय.

सात नंबर:
वेगळा कसा? ज्याच्याच्यानं कापडाचा कोट होत नाही, तो दगडाची भिंत काय बांधन?

पुसदचा जुना खेळाडू:
कोटाचं सोडा, प्रवासभत्ता कोणाला पूर्ण मिळाला हात वर करा. आम्ही विभागीय स्पर्धेला आरक्षणाविना गेलो, रात्रभर डब्याच्या दाराशी बसून. सकाळी उतरलो आणि दुपारी सामना. पाय उचलत नव्हते. सोबत आलेले व्यवस्थापक वातानुकूलित डब्यात होते. आमचे सर मात्र आमच्याजवळ, दारात पाय सोडून, झोपलेलं पोट्टं बाहेर पडू नये म्हणून.

निकष महत्त्वाचा:
हे रडगाणं वर्षानुवर्षं ऐकतोय. सोयी नव्हत्या तरी काही जण जिंकलेच.

सात नंबर:
रडगाणं कोणाले म्हणता? दारात बसून गेले हायेत का कधी? नसन गेले तं चूप बसा.

दिग्रसकर:
सात नंबर भाऊ, शांत. पण ‘रडगाणं’ हा शब्द मलाही लागला. खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकीला पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं होतं. ते रडगाणंच होतं का? खाशाबांना अर्जुन मिळाला तोही मरणोत्तर.

चिखलीवाला:
कोल्हापूर सांगता, तर आपलं अमरावती पण सांगा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकाने कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. पदक त्यात नव्हतंच. निकषवाल्या भाऊंच्या भिंतीवर त्यांना जागा नाही.

आणि दुसरं, याचं उत्तर कोणाकडेच नाही. अमरावती विद्यापीठ 1983 चं. त्याआधी वऱ्हाडातली आपली पोरं नागपूर विद्यापीठाकडून खेळली. ती कोणाच्या भिंतीवर जाणार? चंद्रपूर-गडचिरोलीचं तेच, गोंडवाना 2011 चं. नागपूर म्हणेल तुमचे, अमरावती म्हणेल त्यांचे, आणि माणूस मधल्यामध्ये राहील.

निकष महत्त्वाचा:
1983 चा मुद्दा बरोबर आहे, तो माझ्या पोस्टमध्ये नव्हता. ज्या विद्यापीठाकडून खेळला त्याने नाव घ्यावं आणि ज्या भागातलं कॉलेज त्यानेही. बर्लिनच्या पथकालाही हरकत नाही. पण सामान्य निकष आंतरराष्ट्रीय पदकाचाच.

आर्वीची खो-खोपटू:
खो-खोचा पहिला विश्वचषक झाला 2025 च्या जानेवारीत. त्याआधी आयुष्य घालवलेल्यांनी काय करायचं होतं?

निकष महत्त्वाचा:
आशियाई खो-खो स्पर्धा 1996 पासून आहे.

आर्वीची खो-खोपटू:
आहे. पण आमच्या कॉलेजात ती आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. आणि भंडाऱ्याच्या आट्यापाट्यावाल्यांचं काय? तो खेळ ना ऑलिम्पिकमध्ये, ना आशियाई खेळांत.

निकष महत्त्वाचा:
बरं. प्रशिक्षक घ्या. देशी खेळांना वेगळा निकष ठेवा. पण माझी एक अट सोडणार नाही. प्रशिक्षकाचं नाव संस्थेने सुचवायचं नाही. त्याच्या हाताखाली विद्यापीठाकडून खेळलेल्या खेळाडूंनी सह्यांसकट लिहून द्यायचं. भाचा तिथेच गळेल. ‘पगार’वालं वाक्य मागे घेत नाही, पगारात काम न करणारेही मी पाहिलेत.

दिग्रसकर:
वाक्य ठेवा तुमच्याकडे. अट मंजूर. आमच्या सरांसाठी सह्या गोळा करायला उद्या दारव्ह्यापासून सुरुवात करतो. त्यांच्या हाताखाली खेळलेले इथे कोणी असतील तर गाव आणि वर्ष लिहा.

सात नंबर:
लिहितो. सोबत कोटाचा अर्ज बी जोडा.