यात्रेच्या मैदानात दारू बंद करायची आहे: नियम काय, अर्ज कुणाकडे?

माळावरची

नमस्कार मंडळी. गाव पुणे जिल्ह्यातलं, यात्रा चैत्र पौर्णिमेची. पहिल्या दिवशी पालखी आणि छबिना, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. माहेरवाशिणी लेकरंबाळं घेऊन येतात, पण संध्याकाळी सातनंतर मैदानात थांबायला तयार नसतात, कारण तंबूच्या मागे, शाळेच्या व्हरांड्यात, पाळण्यांजवळ उघड्यावर बाटल्या फुटतात. यंदा यात्रा कमिटीने बंदी करायचं नक्की केलंय. काही जण म्हणतात, ग्रामसभेचा ठराव घ्या आणि सापडेल त्याला पाच हजार दंड लावा. दुसरे म्हणतात, परवाना असलेल्याला कुणी अडवू शकत नाही. खरं काय? दुकान त्या दोन दिवसांत बंद ठेवता येतं का, आणि अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा?

खाकी_फाइल

ताई, आधी परवान्याचा गैरसमज काढू. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांचा, देशीसाठी दोन रुपयांचा. वर्षाचा शंभरात आणि आजीवन हजारात मिळतो. हा परवाना दारू विकत घेण्याचा, जवळ बाळगण्याचा आणि पिण्याचा आहे, चारचौघांत धिंगाणा घालण्याचा नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 चं कलम 85 रस्ता, सार्वजनिक जागा आणि लोकांना जिथे यायला मुभा आहे अशा कुठल्याही जागेला लागू होतं. तिथे पिऊन स्वतःला सावरता येत नसेल किंवा नशेत गैरवर्तन केलं तर परवाना खिशात असूनही गुन्हा आहे. परवानाच नसेल तर नुसतं नशेत सापडणंही पुरेसं. यात कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 355 आहे: नशेत सार्वजनिक ठिकाणी उपद्रव केल्यास 24 तासांपर्यंत साधी कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा.

आता दुकान. दारूबंदी अधिनियमाच्याच कलम 142 खाली जिल्हाधिकाऱ्यांना सार्वजनिक शांततेसाठी परवानाधारक दुकान ठरावीक वेळ किंवा दिवस बंद ठेवायचा लेखी आदेश देता येतो. म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे. एक प्रत राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना, एक तहसीलदारांना, एक तुमच्या पोलीस ठाण्याला, आणि प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्या. जिल्हाधिकारी सहसा पोलिसांचा अहवाल मागवतात. तो अहवाल ठाण्यात पडून राहिला की आदेश यात्रा उरकल्यावर निघतो. तुमच्या बाबतीत हिशेब सोपा आहे: होळी ते चैत्र पौर्णिमा बरोबर एक महिना. धुळवड झाली की दुसऱ्या दिवशी अर्ज टाका आणि दर आठवड्याला ठाण्यात जाऊन अहवाल गेला का ते विचारा.

अर्जात "यात्रेत दारूमुळे त्रास होतो" एवढं मोघम लिहू नका. असं लिहा: "यात्रा अमुक आणि अमुक तारखेला असून मैदानापासून सुमारे अमुक मीटरवर अमुक अनुज्ञप्ती क्रमांकाचे दुकान आहे. गेल्या वर्षी अमुक तारखेला भांडणाची नोंद पोलीस ठाण्यात झाली आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी सायंकाळी 6 पासून यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत दुकान बंद ठेवण्याचा आदेश महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 142 अन्वये व्हावा." अनुज्ञप्ती क्रमांक, म्हणजे दुकानाच्या परवान्याचा नंबर, पाटीवर असतो. आदल्या संध्याकाळचा उल्लेख विसरू नका, नाहीतर त्याच रात्री खोकी भरून माल उचलला जातो आणि आदेश नावालाच राहतो. शेजारच्या गावातलं दुकान तीन-चार किलोमीटरच्या आत असेल तर त्याचाही क्रमांक याच अर्जात हवा. आदेशात ज्याचं नाव नाही ते दुकान उघडंच राहणार.

कोर्टगल्ली

वरचं बरोबर आहे. मी फक्त पाच हजारांच्या दंडाबद्दल लिहितो, कारण यात चांगल्या हेतूची माणसं अडकतात.

ग्रामसभेचा ठराव जरूर घ्या, अर्जाला जोडला की वजन येतं. पण ठरावाने नवा गुन्हा तयार होत नाही आणि यात्रा कमिटीला दंड वसूल करायचा अधिकार मिळत नाही. पावती न देता घेतलेले पैसे म्हणजे पुढे खंडणीची तक्रार. "दंड न दिल्यास वर्गणी घेणार नाही, मानपान बंद, पालखीला खांदा देऊ देणार नाही" अशी भाषा ठरावात आली तर ते प्रकरण 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायद्यात जातं. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि ठरावावर सह्या करणारे सगळे त्यात येऊ शकतात. तेव्हा ठरावात एवढंच लिहा की मैदानात मद्यपानास मनाई राहील, कमिटी पोलिसांना कळवेल आणि जागेच्या भाड्यात तशी अट राहील.

स्वयंसेवकांनाही आधी बसवून सांगा: कुणाचे खिसे चाचपायचे नाहीत, डिकी उघडायला लावायची नाही, बाटली हिसकावून ओतायची नाही आणि हात तर अजिबात उगारायचा नाही. झडती पोलीस आणि उत्पादन शुल्कचे अधिकारी घेतील. फाटकावर "काचेची बाटली आत न्यायची नाही" असा नियम सगळ्यांना सारखा लावता येतो, अगदी सरबताच्या बाटलीलाही. नियम काचेचा ठेवला की फाटकावर दारूवरून हुज्जतच होत नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. न्यायालयात तोंडाला वास येत होता एवढ्यावर प्रकरण टिकत नाही. दारूबंदी अधिनियमाच्या कलम 129-अ खाली वैद्यकीय तपासणी आणि रक्ताचा नमुना घ्यायची तरतूद आहे. रक्तात 0.05 टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल निघालं तर, विनापरवाना दारू पिण्याच्या गुन्ह्यात, ते औषधातून वगैरे आलं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. पण त्या रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसतील तर पोलिसांची एकुलती एक गाडी एका माणसाला घेऊन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाते आणि दोन तास मैदान मोकळं. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्या दोन रात्री केंद्रावर थांबण्याची विनंती लेखी द्या. बहुतेक कमिट्या नेमकं हेच पत्र द्यायचं विसरतात.

आखाडा_माती

कागद झाले, आता मैदान. माझं ठाम मत आहे की यात्रेतली दारू दुकानापेक्षा मैदानातल्या सोयीमुळे वाढते. पिणाऱ्याला चार गोष्टी लागतात: अंधार, बसायला कट्टा, प्लॅस्टिकचे ग्लास आणि चकणा. यातल्या दोन तुमच्या पावतीवर आहेत.

जागेची पावती फाडताना मागे अट छापून घ्या: सुटे डिस्पोजेबल ग्लास विकायचे नाहीत, गाड्याच्या मागे टेबल-खुर्च्या मांडायच्या नाहीत, गिऱ्हाइकाला दारू प्यायला बसवलं तर अनामत जप्त आणि जागा खाली. अंडाबुर्जी, भजी आणि सोड्याच्या गाड्यांसाठी अनामत वेगळी घ्या. हा दंड नव्हे, करारातली अट आहे, त्यामुळे वर सांगितलेली अडचण इथे येत नाही. पावतीवर गाडेवाल्याची सही मात्र हवी. पैसे घेऊन पिणाऱ्यांची बैठक भरवणाऱ्यावर दारूबंदी अधिनियमाचं कलम 68 आणि तिथे पिणाऱ्यावर कलम 84 लागू शकतं, हेही त्याच पावतीवर लिहा. वाचून निम्मे सरळ येतात.

खाद्याचे गाडे पाळण्यांच्या ओळीत, उजेडात घ्या. तंबूच्या मागच्या बाजूला गाडा नकोच. तिथे मांडववाल्याकडून दोन मोठे दिवे लावून घ्या, तोंड तंबूकडे नाही, बाहेर शेताकडे. शाळेच्या व्हरांड्याला मुख्याध्यापकांना सांगून दोरी बांधा आणि तिथेच पाण्याचा टँकर आणि बायकांसाठी बसायची जागा करा. जिथे माणसं आधीच बसलेली असतात तिथे बाटली उघडत नाही.

पाण्याच्या बाटलीत मिसळून आणलेली देशी फाटकावर ओळखू येत नाही. तिच्यामागे लागून वेळ घालवू नका. ती पिणारा गप्प बसला तर बसू दे, दंगा केला तर पोलीस आहेत.

गाड्या लावायच्या जागेतून बाहेर पडताना एकच वाट ठेवा आणि तिथे पोलिसांना श्वासाचं यंत्र घेऊन उभं राहायची विनंती करा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्यांदाच 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. याची दवंडी, म्हणजे हल्ली रिक्षावरचा भोंगा, दोन दिवस आधी फिरवा. परगावचे पाहुणे या एका गोष्टीला खरोखर घाबरतात.

माळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आणखी दोन शंका. मैदानात बंदी केली की लोक म्हणतील, आमच्या अंगणात मांडव टाकतो, पाहुण्यांना तिथे पाजतो. ते चालतं का? आणि वेशीवरच्या देवाला दारूचा नैवेद्य दाखवायची जुनी रीत आहे, त्याचं काय करायचं?

खाकी_फाइल

स्वतःच्या घरात परवानाधारकाने पिणं वेगळं. पण रस्त्यालगत मांडव टाकून येईल त्याला पाजायला सुरुवात केली की ती लोकांना मुभा असलेली जागा होते आणि कलम 85 तिथेही पोचतं. कार्यक्रमात रीतसर मद्य द्यायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाची तात्पुरती अनुज्ञप्ती, एफएल-चार-अ, घ्यावी लागते. वयाची अटही कडक आहे: बिअर आणि वाइनसाठी 21 वर्षं, बाकी सगळ्या मद्यासाठी 25. अठरा वर्षांखालच्या पोराला पाहुणचार म्हणून घोटभर दिली तरी बाल न्याय कायद्याचं कलम 77 आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. घरोघरी वाटायच्या पत्रिकेवर कुस्त्यांच्या वेळेशेजारी ही ओळ जरूर छापा.

पत्रिकेवरून आठवलं, दारूच्या ब्रँडची जाहिरात पत्रिकेवर, कमानीवर किंवा इनामाच्या फलकावर घेऊ नका. जाहिरातीवरही दारूबंदी अधिनियमातच बंदी आहे.

नैवेद्यासाठी याच अधिनियमात कलम 45 आहे, धार्मिक विधीपुरता मद्याचा वापर करायला शासन अधिकारपत्र देऊ शकतं. पण गावाने नारळाचं पाणी किंवा ताक चालवायचं ठरवलं तर कागदच लागत नाही. ते पुजारी आणि मानकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावं. कमिटीने परस्पर ठरवलं तर यात्रेच्या तोंडावर भांडण होईल.

कोर्टगल्ली

दोन दिवसांऐवजी दुकान कायमचंच बंद करायचं असेल तर ती वाट वेगळी आहे. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के बायकांनी सहीनिशी मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. चिठ्ठीवर उभी आणि आडवी बाटली असते, आडवी म्हणजे बंद. पन्नास टक्क्यांहून अधिक मतं आडव्या बाटलीला हवीत, आणि ती मतदानाला आलेल्यांतली नव्हे, एकूण मतदारांतली. इथेच गावं हरतात: आलेल्या बायकांत आडवी बाटली सहज जिंकते, पण नांदायला गेलेल्या आणि मुंबई-पुण्याला राहणाऱ्या लेकीसुनांची नावं यादीत तशीच असतात. मागणी करण्याआधी मतदार यादीतली दुबार आणि मयत नावं कमी करून घ्या आणि मतदानाचा दिवस यात्रेच्या आसपास मिळतो का बघा, तेव्हा माहेरवाशिणी गावातच असतात. ज्यांचं नाव अजून याच यादीत आहे त्यांनाच मत देता येईल, एवढं लक्षात असू द्या.

हातभट्टीचा उपद्रव असेल तर मात्र मतदान कामाचं नाही, कारण तिथे बंद करायला परवानाच नाही. त्यासाठी ग्रामसभेतून बेकायदा दारूवर नजर ठेवणारं ग्रामरक्षक दल करा, 2016 च्या दुरुस्तीने त्याला दारूबंदी कायद्यात जागा मिळाली आहे.

आखाडा_माती

एक राहिलं. तमाशा संपला की पहाटेच कुस्त्यांच्या मैदानावर माणसं लावा. रात्री कुणीतरी आखाड्याच्या कडेला बसतंच आणि फुटलेली बाटली लाल मातीत पायाने दाबून जातं. वरून काही दिसत नाही. कडेपासून आत दहा फुटांपर्यंत माती वीतभर खणून वाळूच्या चाळणीतून चाळा, मग विजेरी जमिनीला टेकवून आडवा उजेड टाका, बारीक काच चमकते. नंतरच पाणी मारा. आधी पाणी मारलं तर काच चिखलाला धरून बसते आणि दुपारी पोरांच्या पाठीत निघते.