महसूल अर्हता परीक्षा : टेबलावर येतं, पेपरात अडतं. मदत हवी आहे

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. वडील तलाठी होते, त्यांच्या पश्चात अनुकंपावर लागले. खात्यातली दुय्यम सेवा परीक्षा पास झाले, पण बढतीसाठी लागणारी महसूल अर्हता परीक्षा मागच्या वेळी दोन पेपरांत राहिली. आता पुन्हा बसायचं आहे.

जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५० वाचताना मी दर वेळी एका ठिकाणी थांबते. फेरफार नोंद (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) प्रमाणित करणारा अधिकारी अव्वल कारकुनापेक्षा, म्हणजे माझ्या वरच्या पदापेक्षा, कमी दर्जाचा नसावा, असं तिथे आहे. वडिलांनी आयुष्यभर नोंदी धरल्या, प्रमाणित करण्याच्या खुर्चीपर्यंत ते पोचले नाहीत. मला तिथपर्यंत जायचंय.

अडचण अशी. रस्त्याच्या केसेस माझ्याच टेबलावर आहेत. नोटिसा मी काढते, रावसाहेबांबरोबर (तहसीलदारांबरोबर) स्थळपाहणीला जाते, पंचनामा लिहून घेते. तरी पेपरात 'मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ आणि महसूल अधिनियम कलम १४३ यांतला फरक स्पष्ट करा' आलं, आणि मी दोन्हीकडे 'तहसीलदार चौकशी करून रस्ता देतात' एवढंच लिहून आले. बाहेर आल्यावर रडू आलं. रोज हाताखालून जाणारी गोष्ट होती हो!

दुसरं दुखणं रजेचं. गणित असं होतं : कर्मचारी २० फेब्रुवारीला रुजू झाला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ४० दिवस असाधारण (बिनपगारी) रजेवर होता, तर पुढच्या १ जानेवारीला अर्जित रजा खाती किती जमा? मी साडेबारा, मग जुलैला पंधरातून चार वजा करून अकरा, मग जानेवारीचे पंधरा, असे साडेअडतीस काढले. मैत्रिणीचे छत्तीस आले. कुठे चुकलं ते अजून कळत नाहीये.

अभ्यासाला पहाटेचा दीड तासच मिळतो. संध्याकाळी घरी पोचायला आठ वाजतात, निवडणुकीचं काम निघालं की रविवारही जातो. आधी कायदा धरू की सेवा नियम? आणि लिहिलेली उत्तरं तपासून देणारं कुणी आहे का? कार्यालयात विचारायचा संकोच वाटतो.

प्रतिसाद १

ताई, मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. आधी रजेचं सांगतो, कारण ते लगेच सुटेल. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ प्रमाणे १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस आगाऊ जमा होतात. मधेच रुजू झालेल्याला पूर्ण कॅलेंडर महिन्यामागे अडीच दिवस. फेब्रुवारी पूर्ण नाही, तो सोडा. मार्च ते जून चार महिने, म्हणजे १०. असाधारण रजेचा एक दशांश वजा होतो, पण पुढच्या सहामाहीच्या जमेतून. म्हणून जुलैचे १५ पूर्ण आणि जानेवारीला १५ वजा ४ म्हणजे ११. एकूण ३६. तुमच्या मैत्रिणीचं बरोबर.

रस्त्याच्या प्रश्नात पहिलं वाक्य एकच लिहायचं : रस्ता आधीपासून होता का? होता आणि कुणी अडवला, तर कलम ५. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांत दावा यायला हवा, आणि निर्णयावर अपील नाही, कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी. रस्ता नव्हताच, शेतात जायला बांधावरून नवा हवाय, तर १४३. तिथे नाराज पक्षकाराला एका वर्षात दिवाणी दावाही लावता येतो. हे डोक्यात बसलं की बाकीचं तुमचं काम तुमच्याकडून आपोआप लिहून घेईल.

तुम्ही आदेशाचे मसुदे करता ना? उत्तरही तसंच लिहा : अर्ज कशाचा, तरतूद कोणती, चौकशीत काय पाहायचं, आदेश काय, त्यावर दाद कुठे. पहाट सेवा नियमांना द्या, ते टेबलावर शिकायला मिळत नाहीत. कायदा दिवसभर तुमच्या समोरच्या फायलींत आहे. रोज एक फाईल घ्या आणि तिच्यावर लागलेलं कलम मूळ पुस्तकातून वाचा. गाईडवर विसंबू नका.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. एक दशांश चालू सहामाहीतूनच जातो असं मी दोन वर्षं धरून चालले होते.

आज महसूल अधिनियमाच्या कलम १५५ ची फाईल काढली. अर्जदाराला वाटणीचा वाद त्यात मिटवून हवाय, आणि कलम तर लेखनप्रमादाचं (लिहिण्यातल्या चुकांचं) आणि पक्षकारांनी मान्य केलेल्या चुकांचं. म्हणजे हा अर्ज १५५ खाली चालणारच नाही, बरोबर ना? यावर आणि कलम ५ वर दोन उत्तरं लिहून रात्री इथे टाकते. तपासून द्याल का?