बगळे, तितर आणि मांडूळ : ठगांचे अनुभव लिहा

पेठेतली : काल कुंटे चौकात दोघा तरुणांनी एका आजींना थांबवलं. पत्ताच विचारत होते, पण मला आत्या आठवली. तिला असंच गाठून एक तोतया साहेब म्हणाला होता, "आजी, पुढे खून झालाय, आम्ही पोलीस, पाटल्या काढून ठेवा." साहेब म्हणजे नुसता बगळा, काय ते ध्यान! शेजारी एक सज्जन मुकाट साखळी काढून देत होते, ते बघून आत्यानेही पाटल्या दिल्या. घरी पुडी सोडली तर आत खडे. साहेब बगळा, मग त्या सज्जनांना काय म्हणावं? तुमच्याकडचे प्राणीही येऊ द्या.

रानभाजी : तो तितर. शिकारी पाळीव तितर पिंजऱ्यात ठेवून ओरडायला लावतात, रानातले आपणहून जाळ्यात येतात.

मिरची : तितर!! अगदी बरोबर. आत्या कशा आहेत आता?

पेठेतली : बऱ्या आहेत गं. पाटल्या सासूबाईंच्या होत्या, त्याचं फार वाटतं.

सासवडकर : आमच्याकडे मांडूळ. शेपूट बोथट म्हणून दुतोंड्या म्हणतात, गुप्तधन दाखवतो म्हणून लाखांत भाव सांगतात. चुलतभावाच्या मित्राने इसार दिला आणि ऐन सौद्यात 'वनखात्याचा' छापा! छापा टाकणारे त्याच टोळीतले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मांडूळ विकत घेणंही गुन्हा, मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार? सापाला एकच तोंड, दोन तोंडं विकणाऱ्याला. गरीब बिनविषारी जीव आहे हो, शेतातले उंदीर खातो. सोडा त्याला.

मिरची : कुकर लावलाय, घाईत लिहिते. भिशीवाल्या बाई = मगर. पळायच्या आदल्या दिवशी माझ्याच खांद्यावर रडून गेल्या.

आजोळ : मामांचा कडकनाथ. 2019 ला इस्लामपूरचं प्रकरण गाजलं ना, तेव्हाचंच. पिल्लं आम्ही देऊ, अंडी आम्हीच चढ्या भावाने घेऊ. जुन्यांचे पैसे नव्यांच्या अनामतीतून. नवे यायचे थांबले तसं खाद्य बंद, गाडी बंद. कोंबड्या भुकेने एकमेकींना टोचायच्या, मामी ते बघून जेवायची नाही. झाबुआच्या त्या काळ्या पक्ष्याचा काय दोष?

सासवडकर : मामींना नमस्कार सांगा.

कोथरूडकर : वरच्या मजल्यावरच्या काकांना 'डिजिटल अटक' झाली होती, म्हणजे खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर धाक दाखवून पैसे उकळणं. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम गोठवता येते. घरातल्या ज्येष्ठांना हा नंबर पाठ करून घ्या.

रानभाजी : अवांतर, पण मार्केट यार्डातली हापूस आंब्याची पेटी राहिलीच की. वरचा थर देवगड, खाली कर्नाटक. वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव!

मिरची : ओळखायचा कसा गं? रविवारी पाहुणे आहेत.

रानभाजी : पेटी तळापर्यंत उपसून बघ, एक कापायला लाव. कोकणातल्याची साल पातळ, गर केशरी. नाही म्हणाला तर पुढचा गाळा.