प्रतिसाद: कळसूबाई एकट्यानं, बेळगावहून
एकट्यानं कळसूबाई एका दिवसात होते का, असं विचारलंय. होते की ओ! उंची १६४६ मीटर असली तरी बारी गावातून वाट मळलेली आहे; शनिवार-रविवारी तर एकटं राहायचं म्हटलं तरी जमत नाही. खरी गोम लोखंडी शिड्यांची. पावसात दांडा गार, बुळबुळीत. वरच्यांना आधी उतरू द्या, मग पाय ठेवा. सरावाला बेळगावजवळचा येळ्ळूरगड किल्ला पुरत नाही, तिथं वरपर्यंत गाडी जाते. त्यापेक्षा पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन देवरवाडीतून वैजनाथाचा डोंगर चढा-उतरा आणि उतरताना गुडघे काय म्हणतात ते ऐका. रातभर गाडी हाकून थेट चढायला मात्र लागू नका. आदल्या रात्री बारीतच मुक्काम करा. दुपारी दोनच्या आत माथा सोडायचा, वर कितीही छान वारा लागला तरी.