हार्ड की हार्डली? अर्जंट, मेल जायचाय

घाईत: काम केलं याच्यापुढे हार्ड लावायचं की हार्डली? क्रियापदाबद्दल असलं की एलवाय लागतो ना, मग हार्डलीच हवं. स्पेलचेकरपण गप्प आहे. फक्त हो की नाही सांगा.

शब्दवेडी: पूर्ण वाक्य टाका.

घाईत: वाक्याने काय फरक पडतो? बरं घ्या, 'द टीम वर्क्ड हार्डली टू फिनिश ऑन टाइम'.

शब्दवेडी: अहो थांबा, पाठवू नका!! याचा अर्थ टीमने जेमतेमच काम केलं असा होतो. हार्ड हेच विशेषण आणि हेच क्रियाविशेषण, फास्टसारखं. हार्डली म्हणजे क्वचित, जेमतेम. तसंच लेट म्हणजे उशिरा पण लेटली म्हणजे अलीकडे, निअर जवळ आणि निअरली जवळजवळ. स्पेलिंग बरोबर आहे म्हणून चेकर गप्प, तो अर्थ कुठे बघतो.

बिनधास्त: माझा फंडा, एलवाय सगळीकडूनच उडवा. 'ड्राइव्ह स्लो' चालतंच की.

जुनं_खोड: पाटीवर चालतं हो, ऑफिसच्या मेलमध्ये 'रिप्लाइड क्विक' लिहून बघा. बाकी स्लो, हार्ड ही रूपं काही आळशीपणातून आलेली नाहीत, जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषणाला शेवटी नुसता ई लागायचा, तो पुढे गळून पडला आणि विशेषणासारखंच रूप उरलं.

बिनधास्त: म्हणजे माझंच बरोबर.

जुनं_खोड: नाही.

मधेच_एक: प्रॅक्टिस ब्रिटिश इंग्रजीत नाम असेल तर सी आणि क्रियापद असेल तर एस, लक्षात ठेवा.

शब्दवेडी: हे कोणी विचारलं?

घाईत: पुढे 'वी फील बॅडली अबाउट द डिले' आहे, ते ठीक ना?

शब्दवेडी: बॅड करा. फील इथे 'आहे'सारखं काम करतं, 'वी आर सॅड' म्हणतो, सॅडली नाही, तसंच.

बिनधास्त: फील बॅडली सर्रास म्हणतात लोक, मी कितीदा ऐकलंय.

शब्दवेडी: बोलताना म्हणतात, पण लिहिताना बॅडच बरं.

जुनं_खोड: एक मिनिट. वर ऑन टाइम, खाली डिले. नक्की झालं काय?

घाईत: काम वेळेत झालं, बिल उशिरा गेलं. ते काय सांगायचं त्यात! हार्ड आणि बॅड टाकून पाठवला, थँक्स.

जुनं_खोड: मग कशाचा डिले ते मेलमध्ये लिहिलंत का?

मधेच_एक: फ्रेंडलीचं क्रियाविशेषण काय हो? फ्रेंडलीली?

शब्दवेडी: 'इन अ फ्रेंडली वे' म्हणा. आणि नवीन धागा काढा.